गफूर मिस्त्रींनी बसवलेलं इंजिन

गफूर मिस्त्रींचा गाडीच्या काट्यांवर विश्वास नव्हता. एव्हरेज काढायचं तर ते एक लिटर डिझेल बाटलीत मोजून घेत, बाटली खिडकीच्या गजाला टांगत आणि तिची नळी थेट इंजिनाच्या पंपाला जोडत. डिझेल संपून गाडी भर माळरानात बंद पडली, की उतरून आधी किलोमीटरचा दगड बघत आणि मग घाम पुसत.

महागावला त्यांचं गॅरेज होतं. मी एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात नर्स होते. दवाखाना म्हणजे एक जुनी पेट्रोल व्हॅन. आत फळ्यांचे दोन पलंग, औषधांचं कपाट आणि स्टो. महिन्यातले वीस दिवस आमचं जेवणखाण, झोपणं तिच्यातच. कापसाची ती वर्षं फार वाईट होती. बोंडअळीपायी शेतात रोज नवं विषारी औषध मारलं जायचं आणि फवारणारे मजूर लाल डोळे चोळत आमच्या दाराशी येऊन बसायचे. गाडी मात्र पेट्रोल पाण्यासारखी प्यायची. शेवटी संस्थेनं निक्षून सांगितलं, खर्च आवरा, नाहीतर गाडी बंद.

मिस्त्रींनी भंगारातून एक डिझेल इंजिन शोधून आणलं. आठ दिवस ते गाडीखालीच होते. बाहेर फक्त चपला दिसायच्या, आणि मी त्या चपलांशीच बोलायची. इंजिन बसलं, बाटली टांगली, गाडी अकरा किलोमीटर गेली. पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. पण माझं समाधान होईना. आणखी वाढलं तर डोंगरापलीकडचे तांडेही घेता आले असते. पंपाचा स्क्रू पिळून डिझेल कमी सोडलं की एव्हरेज वाढतं, असं आमच्या ड्रायव्हरनं, देविदासनं, मला सांगितलं होतं. मी मिस्त्रींच्या मागेच लागले.

त्यांनी चिंधीला हात पुसले. मग म्हणाले, "एव्हरेज आन् पिकअप एका घरात नांदत नाईत, सिस्टर. एकाचा लाड केला का दुसरं रुसून बसते."

मी हट्टाला पेटले होते. त्यांनी स्क्रू पिळला. बाटलीवर गाडी चौदा किलोमीटर गेली आणि मी पेढे वाटले. चाचणीच्या वेळी गाडीत ते आणि देविदास दोघेच होते, रस्ताही सपाट होता. ती त्यांची नेहमीचीच पद्धत, म्हणून कुणालाच काही खटकलं नाही.

श्रावणातल्या एका दुपारी आमची गाडी डोंगरापलीकडच्या तांड्यावर होती, तेव्हा परसराम नावाचा मजूर फवारता फवारता कोसळला. तोंडाला फेस आला होता. मी जवळचं इंजेक्शन दिलं, पण त्याला यवतमाळला नेणं भागच होतं. गाडीत त्याची बायको कमलाबाई बसली, दोघं भाऊ बसले. घाटात अर्ध्यावर गाडीचा दम संपला. पहिल्या गिअरवरही ती ओढेना. भाऊ उतरून मागून ढकलू लागले. परसरामचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माथा दिसायला लागला तेव्हा त्याचा श्वास थांबला होता.

देविदासकडून कळल्यावर मिस्त्री आले. त्यांनी तो स्क्रू पुन्हा सैल केला. मग मला म्हणाले, मले त्या तांड्यावर घेऊन चला.

कमलाबाई दारात बसली होती. मिस्त्री तिच्यासमोर मातीतच बसले.

"बाई, गाडीची ताकद म्या कमी केली. माह्या हातानं. तुमचा मानूस माह्यापायी गेला."

रागवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"गाडी आलती तं सही, चाचा," ती म्हणाली. "दुसरं कोन आलं आमच्या तांड्यावर?"

तो म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला. मी शेजारीच बसले होते. स्क्रू कुणी पिळायला लावला, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

मिस्त्रींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कमलाबाई आहे. मी तांड्यावर गेले, की चहा पाजल्याशिवाय ती मला सोडत नाही.