बारा हजार किलोमीटर आणि पालखीची मोकळी बाजू

व्हँकुव्हर ते मुंबई हे विमानाचं अंतर बारा हजार किलोमीटरांच्या वर आहे आणि मधल्या थांब्यासकट बावीस तास लागतात. मंगळवारी दुपारी विमानात बसताना हे मला तोंडपाठ होतं. दापोलीजवळ बुरोंडीला आमच्या खळ्यात (अंगणात) शिमग्याची पालखी बुधवारी दिवेलागणीला येणार होती. अर्धांगाने आडवे झालेले बाबा फोनवर म्हणाले होते, "औंदा माझा खांदा नाही. तू दे. पुढच्या शिमग्याचं कुणी बघितलंय?"

मी मालवाहू बोटीवर भंडारी (आचारी). बोटीचा एजंट सोमवारचं तिकीट देत होता, मी मंगळवारचं मागून घेतलं. सव्वीस वर्षं व्हँकुव्हर बंदरातल्या क्रेनखालूनच पाहिलेलं, म्हटलं एक दिवस फिरावं. भाऊ सुरेश फोनवर म्हणाला, "दादा, उतरायची वेळ तिकिटावर बघ."

"जग फिरलेल्याला शिकवू नको. दुपारी बारा अधिक बावीस तास. बुधवारी सकाळी दहाला मुंबई, पाचला घरी."

शेवटच्या टप्प्यात शेजारी पुण्याच्या एक काकू होत्या, लेकीचं बाळंतपण उरकून परतणाऱ्या. विमानातल्या भाताला मी नावं ठेवत होतो, तेवढ्यात समोरच्या पडद्यावर मुंबईची वेळ आली. संध्याकाळचे सात.

"हे बिघडलंय," मी मनगट पुढे केलं. "सकाळचे साडेसहा झालेत."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे घड्याळ कुठल्या गावचं?"

"व्हँकुव्हरचं."

"मग उतरा तिकडेच."

बोटीवर लांबच्या सफरीत घड्याळ एकेका रात्री एकेक तास सरकतं. ते सेकंड मेट, म्हणजे बोटीवरचा एक अधिकारी, सरकवतो. मी मेसमधल्या भिंतीकडे बघून भात चढवतो. इथे साडेबारा तास एकदम पुढे सरकवायचे होते आणि ते काम माझं होतं. पडद्यावर मुंबई अजून तीन हजार किलोमीटर होती. बुरोंडीत दिवे लागले होते. काकूंनी आपल्या डब्यातला लाडू माझ्या हातावर ठेवला.

रात्री साडेदहाला मुंबईत उतरून गाडी केली. खेडहून दापोलीकडे वळलो तेव्हा गुरुवार उजाडत होता. काजूचा वास, लाल धूळ, सगळं जागच्या जागी. घराशी उतरलो तर ढोल ऐकू आला, पण पुढच्या वाडीतून.

खळ्यात गुलाल सांडला होता. सुरेश म्हणाला, "बाबांनी तुझी बाजू कुणाला धरू दिली नाही, दादा. मोकळी ठेवली. पालखी तिघांनीच नाचवली. मानकरी निघायला लागले की बाबा म्हणायचे, अजून एकदा, थोरला वाटेत आहे. तीनदा नाचवली. मग स्वतःच म्हणाले, न्या आता."

बाबा ओटीवर उशीला टेकून होते. बरी बाजू माझ्याकडे वळवून त्यांनी विचारलं, "लांब आहे काय रे ते?"

"बारा हजार किलोमीटर, बाबा."

"मग दमला असशील. पड जरा."

वार दाखवणारं माझं घड्याळ मी अजून फिरवलं नव्हतं. त्यात बुधवार होता, संध्याकाळचे साडेसहा. माझ्या मनगटावर दिवेलागण झाली होती आणि मी अगदी वेळेवर पोहोचलो होतो.