फुंकर मारणारे आमचे भाडेकरू

माणसांत राहायला इतका लायक दुसरा जीव मी माणसांतसुद्धा पाहिला नाही. आमचे भाडेकरू बावीस वर्षं पेणच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहिले. तेवढ्या काळात त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नाही, कुणाच्या भांडणात तेल ओतलं नाही आणि नळावरच्या रांगेत कधी मध्ये घुसले नाहीत. ते ड्रॅगन होते ही गोष्ट त्यामानाने किरकोळच म्हणायची. माझ्या सख्ख्या चुलत्यांपैकी दोघे संपूर्ण माणूस असून त्यांच्याबद्दल एवढं चांगलं लिहायचं म्हटलं तर माझी लेखणी पहिल्याच ओळीत अडेल.

मी चौथीत असताना ते आमच्याकडे आले. घोट्यापर्यंत पोचणारा काळा कोट, कानांवर ओढलेली लोकरी टोपी, आणि हे सगळं ऐन मे महिन्यात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "धंदा काय आपला?" तर म्हणाले, "मांत्रिक." या उत्तरातली हुशारी मला फार उशिरा कळली. त्यांनी मास्तर किंवा तलाठी म्हणून सांगितलं असतं तर आठ दिवसांत त्यांचं बिंग फुटलं असतं. पण मांत्रिक म्हटलं की सगळं माफ. मग नाकातून धूर आला तरी सिद्धी, चुलीतला निखारा विड्यासारखा गालात धरला तरी साधना, आणि खुर्चीवर कायम तिरकं बसणं म्हणजे पाठीचं जुनं दुखणं. मांत्रिक चारचौघांसारखा वागला तरच लोकांना संशय येतो. भाडं वगैरे ठरल्यावर त्यांनी आपली एकच अट सांगितली. "मी कोण ते ओळखलं, असं मला कुणी तोंडावर म्हणता कामा नये. म्हटलं की मला ते गाव सोडावं लागतं. आमच्यात तशी रीत आहे." अण्णांना हे एखाद्या व्रतासारखं वाटलं. आई म्हणाली, "आमाला काय करायचाय ओळखून? पानी मात्र विहिरीवरून आणावा लागल."

त्यांचा मंत्र म्हणजे एक फुंकर. आजूबाजूच्या चार आळ्यांतल्या म्हाताऱ्या गुडघे घेऊन त्यांच्याकडे यायच्या. ते डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटून गुडघ्यावर अशी ऊबदार फुंकर घालायचे, की म्हातारी आली त्यापेक्षा निम्म्या वेळात घरी पोचायची. मी लहानपणापासून आगाऊ. एकदा अगदी जवळ जाऊन तो मंत्र ऐकला. "पेण, वडखळ, गडब, कासू, आमटेम, नागोठणे, रोहा." एस.टी.चे थांबे! हा डाव्या गुडघ्याचा मंत्र. उजव्या गुडघ्याला रोह्याहून निघून पेणला यायचे. समोर राहणाऱ्या रुकय्याखालाच्या गुडघ्यांनी हा प्रवास इतक्या वेळा केला होता, की तिला पास काढून द्यायला हवा होता.

रोह्याला ते खरोखरच दर गुरुवारी जात. "पाहुण्यांकडे जातो" म्हणायचे. पाहुणे म्हणजे पोह्यांची एक भट्टी. तिथे भाताचा खमंग वास येत असे, आच भरपूर असे, आणि हे कोपऱ्यात बसून, माहेरी आलेल्या मुलीसारखे, कुणाला काही काम न सांगता सुखात असत. एस.टी.त त्यांना दीड माणसाची जागा लागायची. हिवाळ्यात सकाळच्या गाडीला त्यांच्या शेजारची जागा मिळावी म्हणून गडबच्या बायका एकमेकींशी भांडायच्या आणि कंडक्टर ती जागा लेकुरवाळीसाठी राखून ठेवायचा. वैशाखात मात्र गाडी कितीही भरलेली असो, ते एकटेच ऐसपैस बसलेले असायचे, आणि त्याबद्दल सबंध वाटभर सगळ्यांकडे पाहून ओशाळं हसायचे.

जगातले बाकीचे ड्रॅगन म्हणे सोन्यावर झोपतात. आमचे पितळेवर झोपायचे. स्टीलची भांडी आली तेव्हा पेणच्या बायकांनी घरातली तांब्यापितळेची भांडी मोडीत काढायचा सपाटा लावला. हे दारोदार जाऊन हात जोडायचे, "मोडीत नका घालू. मला द्या. मी नीट सांभाळीन." हळूहळू खोलीत हंडे, घंगाळी, परातींचा डोंगर झाला आणि त्यावर हे कोटासकट आडवे. लग्नकार्याला कुणी मोठं पातेलं मागितलं तर नाही म्हणायचे नाहीत, पण पातेल्याबरोबर स्वतः जायचे. मंडपात मुहूर्ताची गडबड चालू असायची, लोक अक्षता टाकत असायचे, आणि आमचे भाडेकरू मागे आचाऱ्यापाशी पातेल्यावर नजर ठेवून उभे असायचे. एका लग्नात त्या पातेल्याला डाव लागून पोचा पडला, तर नवरीच्या आईच्या बरोबरीने यांचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, किती मायाळू माणूस.

रुकय्याखालाच्या मुलाने आखातातून एक थर्मास पाठवला होता. त्यावर लांबलचक अंगाचा, लाल जिभेचा ड्रॅगन काढलेला. खाला तो सगळ्यांना दाखवत आमच्या ओटीवर आली. आमच्या भाडेकरूंनी थर्मास हातात घेतला आणि एखाद्या दूरच्या नातेवाइकाचा फोटो बघावा तसा बराच वेळ निरखला. मग म्हणाले, "चेहरा जमलाय. पण मिशा इतक्या नसतात. निदान आपल्या बाजूला तरी नसतात." माझ्या जिभेवर प्रश्न आला होता, पण आईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की तो तिथेच विरघळला. खाला पदर सावरत म्हणाली, "व्हय ना, बाबा. हे चित्र काढनारे कायपन काढतात. चाय दिऊ?" बहुतेक त्याच दिवशी आमची सगळी आळी न बोलता एका मताची झाली. या आळीत कुणाच्या घरी काय शिजतं ते आधण ठेवायच्या आत सगळ्यांना कळतं; पण या एका बाबतीत सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

मी वीस वर्षांची असताना तो पाऊस झाला. आमचा गणपतीचा कारखाना घराला लागूनच आहे. अण्णा शाडूच्या मूर्ती करायचे, आई रंगवायची आणि डोळे आखायचं काम माझ्याकडे होतं. त्या वर्षी आषाढापासून पाऊस जो लागला तो उघडेचना. फळ्यांवर दोनशे मूर्ती ओल्याच्या ओल्या. चतुर्थी जवळ आली, न्यायला येणाऱ्या ट्रकचा दिवस ठरलेला. शेवटी घाबरून अण्णांनी शेगड्या पेटवून मूर्तींच्या अगदी जवळ सरकवल्या. आमच्या धंद्यात होऊ नये ती चूक हीच. माती बाहेरून वाळली, आतून ओली राहिली, आणि दोन मूर्ती गळ्यापाशी तडकल्या. तडकलेली मूर्ती म्हणजे नुसती माती. अण्णा त्या दोन मूर्तींसमोर मटकन बसले आणि म्हणाले, "यंदा लोकांच्या घरी बाप्पा नाय गेला, तर मी परत मातीला हात लावनार नाय." अण्णांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

भाडेकरू दारात उभे होते. ते आईला म्हणाले, "वहिनी, सगळ्यांना घेऊन बाहेर बसा. मोठा मंत्र आहे, तीन दिवस लागतील." मग जरा थांबून, मान खाली घालून म्हणाले, "कोट काढावा लागेल." यात त्यांच्यासाठी काय पणाला लागलं होतं, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. कारखान्याच्या दाराला फटी, भिंतीला झरोके, आणि भोवती माणसांनी भरलेली आळी. कुणी पाहिलं आणि एकच शब्द बोललं, की पेण सुटलं.

तीन दिवस आमच्या कारखान्याची भिंत ऊबदार होती. कौलांवर पडणाऱ्या पावसाची वाफ व्हायची. आळीतली सगळी मांजरं भिंतीला पाठ लावून झोपली. पहिल्या दुपारी खालाने येऊन सहज केल्यासारखी एक चादर भिंतीलगत टांगली. संध्याकाळपर्यंत तिथे आळीभरचं धुणं, कुणाच्या गाद्या आणि दमट झालेले पापडसुद्धा आले. ही ऊब कुठून येते, असं एकानेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आई चहाचा गडवा घेऊन दार ढकलून सरळ आत गेली. बाहेर येऊन आम्हाला एवढंच म्हणाली, "मंत्र चाललाय." मला राहवेना. डोळे आखणाऱ्या बाईला डोळे मिटून बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच. मी फटीला डोळा लावला. कोंबडी अंड्यांवर बसते तसे ते सगळ्या फळ्यांना वेढा घालून बसले होते. गळक्या कौलांचं पाणी मूर्तींवर पडू नये म्हणून दोन्ही पंख वर धरलेले. आणि लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी हळू फुंकर ते एकेका मूर्तीवर घालत होते, रांगेने, अगदी छोट्या मूर्तींनासुद्धा न वगळता. ज्यांनी मनात आणलं असतं तर अख्खं पेण भाजून काढलं असतं, ते तीन दिवस श्वास आवरून बसले होते. मी आजवर खूप बलवान माणसं पाहिली, पण बळ इतकं जपून वापरणारं कुणी पाहिलं नाही.

मूर्ती वाळल्या. एकीलाही तडा गेला नाही. मी हात दुखेपर्यंत डोळे आखले, आणि ट्रक वेळेवर भरून गेला. पण भाडेकरू बाहेर आले ते राखेसारखे होऊन. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यांनी आपली सगळी पितळेची भांडी गोणपाटात भरली होती आणि ते ओटीवर टोपी घालून बसले होते. कुणीतरी येईल आणि ओळखलं म्हणेल, याची वाट पाहत. आळीतली माणसं येत होती, जात होती, "काय बाबा, बरा हाय ना?" म्हणत होती. अण्णांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. दिवस कलला तेव्हा आई कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली. "भावजी, भांडी गोनीत कशाला कोंबलीत? ओल धरल त्यांना. काढा बाहेर." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग उठून एकेक भांडं परत खोलीत नेलं. त्यानंतर कित्येक महिने त्यांच्या फुंकरीत काही दम नव्हता, नुसता गार वारा. तरी म्हाताऱ्या येत राहिल्या आणि "आता कसा मोकला वाटला" म्हणून लंगडत घरी जात राहिल्या.

पुढे माझं लग्न होऊन मी रोह्याला गेले. गुरुवारी भट्टीवरून परतताना ते माझ्याकडे डोकावायचे. अण्णा गेले, आणि भाडेकरूंचे आभार मानायचे त्यांच्याकडून राहूनच गेले, हे मला लागून राहिलं. तशात मी गौरीला माहेरी आले होते. भाडेकरू अंगणात उन्हाला बसलेले, खूप थकलेले दिसत होते. माझ्या मनात आलं, एवढ्या वर्षांनी कसली रीत आणि कसली अट. माझ्या जिभेला हाड नाही हे खरं, पण त्या दिवशी मी आगाऊपणाने बोलले नाही. प्रेमाने बोलले. म्हटलं, "काका, त्या वर्षी मी फटीतून तुम्हाला पाहिलं होतं. त्याहून देखणं मी जन्मात काही पाहिलं नाही."

ते रागावले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एखाद्या मुलीने नव्या साडीबद्दल विचारावं तसं लाजत विचारलं, "रंग कसा दिसतो गं माझा? मला पाठीकडचा कधी बघायलाच मिळाला नाही." मी सांगितला. त्यांनी दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, "बरं केलंस." दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं.

मी दिवसभर रडले. सगळ्या आळीने इतकी वर्षं जे सांभाळलं ते मी एका वाक्यात घालवलं होतं. आई मला बोलेल, निदान एक शब्द तरी टाकील म्हणून मी वाट पाहत होते. ती नुसती "बोललीस ना?" म्हणाली आणि माझ्याजवळ वाल सोलायला बसली. मग एक दाणा बोटांत तसाच धरून तिने हळूच विचारलं, "काय रंग व्हता गो त्यांचा?"

"म्हणजे? तू तर चहा घेऊन आत गेली होतीस."

"गेलेलं. गडवा ठेवला नि आलं. मान वर नाय केली. कोट काढला व्हता ना त्यांनी."

मग मी तिला सांगितलं. पोटाकडचा हळदीचा पिवळा, बरगड्यांवर भाताच्या कोवळ्या लोंबीचा हिरवा, पंखांच्या कडेला जुन्या तांब्याची झाक, आणि पाठीवर मध्येच एक निळी रेघ, जी मला आजवर कुठल्याच रंगात सापडलेली नाही. आई डोळे मिटून ऐकत होती. माझं सांगून झालं तरी तिने बराच वेळ ते उघडले नाहीत.