आधी लेख, मग ग्रीस

शशिकांत सरांची आणि माझी ओळख पिस्कॅटवे येथील प्रौढांच्या मराठी वर्गात झाली. माझे आयुष्य आचाऱ्याच्या कामात गेले. अक्षरे शिकण्याची सवड मला मुलगा सत्यजित याच्याकडे अमेरिकेत आल्यावर, सत्तरी ओलांडल्यानंतर मिळाली. सर दर शनिवारी आम्हा काही वृद्धांना शिकवीत. हा वर्ग आपण का काढला, असे कोणी विचारले की ते म्हणत, "माझ्या आईला वाचता येत नव्हतं." त्यापुढे कोणी काही विचारले तर म्हणत, "पान उलटा."

सर औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. तेथे त्यांच्याकडे दर्जा तपासण्याचे काम होते. कागदावर जे लिहिले आहे ते मालात उतरलेच पाहिजे, नाहीतर माल परत, हा त्यांचा नियम. मनुष्य अत्यंत सचोटीचा होता, आणि त्या सचोटीनेच त्यांना अडचणीत आणले.

सन २००७ च्या ऑक्टोबरात ग्रीसला जाण्याचे सरांनी ठरविले. आमच्या गावच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात एक प्रवासवर्णन असावेच लागते. अंकाच्या संपादक पद्मिनीताई यांनी त्यांना स्पष्ट सांगितले, "लेख मला ऑगस्टमध्ये हवा. प्रवास तुम्ही केव्हाही करा." त्याप्रमाणे सरांनी ऑगस्टमध्ये लेख लिहिला. तो त्यांनी वर्गात आम्हाला शुद्धलेखनासाठी घातला, त्यामुळे मला तो पाठ आहे. लेख सुंदर होता. त्यात ग्रीसचे हवामानही उत्तम होते.

सरांच्या पत्नी लताताई यांनी सोबत जाण्यास नकार दिला. "मी लेख वाचला," त्या म्हणाल्या, "माझं ग्रीस झालं." परंतु लेखात एक सहप्रवासी होता आणि त्याच्या तोंडी एक वाक्यही होते. सहप्रवासी नसेल तर लेख खोटा ठरला असता. म्हणून सरांनी मला विचारले. सत्यजित म्हणाला, "बाबा, जाऊन या. तुमची एंट्री छोटी आहे."

विमानातच सरांनी मला सांगितले, "दिगंबरराव, आपण छापलेलं एकही वाक्य खोटं राहता कामा नये."

अथेन्समध्ये पाऊल ठेवताच एका वृद्ध ग्रीकाने 'इंडिया' असे म्हणून प्रेमाने त्यांचा हात हाती घेतला, असे लेखात होते. विमानतळावर कोणीही हात हाती घेतला नाही. दुसऱ्या दिवशी चौकात तीळ लावलेली पावाची कडी विकणारे एक गृहस्थ दिसले. सर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि स्वतःच म्हणाले, "इंडिया." गृहस्थांनी एक कडे पुढे केले. सरांनी कड्यासकट त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. शेवटी त्या गृहस्थांनीही "इंडिया, इंडिया" म्हटले, बहुधा हात सुटावा म्हणून. कडे खुसखुशीत होते, आणि तीळ नीट भाजलेले होते.

त्यानंतर आम्ही टेकडीवरील मंदिराच्या खांबांपाशी गेलो. तेथे मला म्हणावयाचे होते, "ही माणसं होती की देव?" दुरुस्तीच्या कामामुळे खांबांभोवती लोखंडी परांची बांधलेली होती आणि तिच्यावर एक कामगार डबा खात बसला होता. मी त्याच्याकडे पाहत वाक्य म्हटले.

"अहो, त्याच्याकडे नको. खांबांकडे बघा," सर म्हणाले. "आणि जरा थांबून म्हणा, सुचल्यासारखं."

मी थांबून म्हटले.

"आता झालं," सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

अशा रीतीने सर्व वाक्ये एकामागून एक खरी झाली. एकच उरले. सुनिओनच्या भूशिरावर, प्राचीन मंदिरापाशी, सूर्य समुद्रात बुडताना सरांच्या डोळ्यांत पाणी आले, असे छापले होते. त्यावर तर लेख संपत होता.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तेथे पोहोचलो. समुद्र लेखाप्रमाणेच निळा होता. सूर्यानेही आपल्या कामात कसूर केली नाही. परंतु तो वीतभर वर असतानाच सरांना कळून चुकले की पाणी येण्याचे लक्षण नाही. त्यांनी लताताईंना मोबाइल लावला.

"लता, शेवटची ओळ काढता येईल का गं?"

लताताईंचा आवाज मला शेजारीही ऐकू आला. "अंक छापून आलाय. सगळी खोकी आपल्याच गॅरेजमध्ये आहेत, माझी गाडी बाहेर उभी आहे. आता रडूनच या."

सर एका दगडावर बसले. वारा जोराचा होता. पापण्या न मिटता ते समोर पाहत राहिले, तेव्हा उजव्या डोळ्यात थोडा ओलावा दिसला.

"सर, आलं," मी म्हणालो.

"ते वाऱ्याचं आहे," त्यांनी रुमालाने पुसून टाकले. "ते चालणार नाही. माल परत येईल."

"मग मी एखादी दुःखाची गोष्ट सांगू का?"

"तुमच्या गोष्टीत शेवटी सगळे जेवतात, दिगंबरराव."

हे खरे होते. सूर्य पाण्याला टेकला. आजूबाजूचे प्रवासी फोटो काढू लागले. सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ तो चाचपला. नंतर समुद्राकडेच पाहत ते हळू आवाजात म्हणाले,

"दिगंबरराव, मला माझ्या आईबद्दल काहीतरी विचारा."