दोन नावांची बाई

"दोन नावं? किती नवरे केलेस?"

नोटरी मोठ्याने बोलला. रांग हसली. माझी मुलगी शेजारीच उभी होती. तिने मान खाली घातली.

नवरा एकच केला. तोही गेला. लग्नात त्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं आणि माहेरचं नाव तिथेच संपलं. मला कुणी विचारलं नाही. नोटरीच्या बायकोचंही असंच बदललं असेल. तिला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मुलीच्या कागदांवर आई म्हणून सासरचं नाव. माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. नर्सिंग कॉलेज म्हणालं, या दोघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र आणा. आज पाचपर्यंत. नाहीतर जागा पुढच्या नंबरला. साडेतीन वाजून गेले होते. सरकारी ऑफिसच्या आवारात तो एकच नोटरी जागेवर होता.

"ओळख देणारा कुठाय?"

"शेजारणीला बोलावते, साहेब. दिघ्याहून येईल."

"झोपडपट्टीतलं कुणी नको. चांगला माणूस आण."

रांगेत मागे एक काका होते, भाडेकरार घेऊन आलेले. वाशीत त्यांच्या सोसायटीच्या गेटवर मी बारा वर्षं भाजीची गाडी लावते. त्यांचा कुठला गुडघा दुखतो, मला ठाऊक. सुनेला डोहाळे लागले तेव्हा कैऱ्या मी घरपोच दिल्या. पावशेर मिरचीवर कोथिंबीर फुकट घेतल्याशिवाय ते हलत नाहीत. एका रुपयासाठी अख्खी सोसायटी अंगावर घेणारी मी, त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिले.

"काका, सांगा ना यांना. ओळखता ना मला?"

काकांनी चष्मा काढला, पुसला. "चेहरा पाहिलाय. नाव काय गं तुझं?"

बारा वर्षं. आणि एकही नाव माहीत नव्हतं.

माझं डोकं फिरलं. "कुठल्या कायद्यात लिहिलंय, झोपडपट्टीतल्या माणसाला माणूस ओळखता येत नाही म्हणून? सही का देत नाही, ते लिहून द्या मला!" काकांनाही सोडलं नाही. "फुकटची कोथिंबीर कुणाच्या हातची खाल्लीत, काका?"

नोटरीने घड्याळ बघितलं. शिक्का उचलला आणि हातातच धरून ठेवला.

"सव्वाचार झाले. माझी माफी माग, काकांची माग. ओळख देणाऱ्याशिवाय लगेच शिक्का मारतो."

मुलगी कुजबुजली, "आई, सॉरी बोल ना. एकच शब्द तर आहे."

जन्मभर सौदे केले. कुठे सोडायचं, कुठे ताणायचं, मला कुणी शिकवायला नको. इथे सोडायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. उद्या वॉर्डात हिला कुणी असंच बोललं तर काय करायचं, ते ती माझ्याकडून आत्ताच शिकणार होती.

"नाही मागत."

कागद ओढून घेतले. शेजारणीला फोन करून बोलावलं, रिक्षा केली. दुसरा नोटरी शोधला. त्याने काही न विचारता शेजारणीची ओळख घेतली, सही केली. कॉलेजात पोचलो तेव्हा खिडकी बंद. शिपाई म्हणाला, "ताई, यादी वर गेली."

जागा गेली.

तेव्हापासून मुलगी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढून ठेवते, निघून जाते. पुढच्या यादीत नाव येईल की नाही, कुणालाच माहीत नाही. मी त्या पहिल्या नोटरीविरुद्ध लेखी तक्रार दिली. मग नोटरीचा माणूस घरी आला. "ताई, मिटवून टाका ना. साहेबांची कॉलेजात ओळख आहे. पोरीसाठी शब्द टाकतील."

मुलगी दारात उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघितलं. ती काय मागतेय, मला कळलं.

मी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं.

तिने दार आपटलं. आपटू दे. तक्रार मागे घेणार नाही. चौकशीला बोलावतील तेव्हा गाडी बंद ठेवून जाईन. मुलीला बरोबर चल म्हणेन. आली तर आली. नाही आली तर एकटी जाईन.