न निघालेल्या सिनेमातला माणूस

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोला सांगितलं नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. गोष्ट फार मोठी नाही. मोहाच्या झाडाखाली आग मी लावली आणि कोठडीत माझा मित्र बसला.

आमच्या भागात मोह पडायला लागला की झाडाखालचा पाला जाळतात. जमीन साफ झाली की पहाटे पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. वनखात्याची मनाई असते, तरी जाळतात. त्या दुपारी मीही काडी ओढली. वारा सुटेल असं वाटलं नव्हतं. बघता बघता आग बांबूच्या बेटांत शिरली आणि बांबू फटाफट फुटू लागले. मी नाल्यातून पळालो. मित्राच्या घरचं मोहाचं झाड जवळच होतं. तो धावत आला, पळसाची ओली फांदी तोडली आणि आग बडवायला लागला. वनवाले पोचले तेव्हा तिथे तो एकटाच होता, कोपरापर्यंत काळा झालेला, खिशात बिडीसाठी ठेवलेली काडेपेटी. त्यालाच धरून नेलं.

वनरक्षक म्हणून त्याची निवड झाली होती. फक्त आदेश यायचा होता. तो आला नाही. केस रेंगाळत राहिली आणि तो सुटला तोवर नोकरीचं वय निघून गेलं. मूल गावच्या राइस मिलमध्ये त्याने जन्मभर पोती वाहिली. मला त्याच उन्हाळ्यात शिक्षकाची ऑर्डर मिळाली. मी निवृत्त होऊन मूललाच घर बांधलं, त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्याने त्या आगीबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. त्याला ठाऊक आहे की नाही, हे न कळताच मी म्हातारा झालो.

मुलीने फोनमध्ये एक खेळ घालून दिला होता. सिनेमातलं एखादं पात्र मनात धरायचं, फोन एकेक प्रश्न विचारतो, आपण ‘हो’, ‘नाही’, ‘कदाचित’ किंवा ‘माहीत नाही’ यांपैकी एक बटण दाबायचं. शेवटी फोन पात्राचं नाव सांगतो. खरी माणसं चालत नाहीत, सिनेमातलीच हवीत. मित्राला हा खेळ फार आवडला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे प्रश्न मी वाचायचो, उत्तर तो द्यायचा आणि बटण मी दाबायचो. जेवण झालं की तो काठी टेकत माझ्या घरापुढच्या छपरीत येऊन बसायचा. जुन्या सिनेमांतले खलनायक तो मनात धरायचा आणि फोनने ओळखले की मांडीवर थाप मारायचा. “याच्यात मनातलं सांगनारा कोनी भगत बसला आहे बे,” म्हणायचा.

मागच्या मोहाच्या दिवसांत एका दुपारी जंगलाच्या बाजूने धुराचा वास येत होता.

“कोनाचं तरी झाड साफ होऊन राह्यलं,” तो म्हणाला.

मी फोन काढला. “धरलं का पात्र?”

“धरलं. लाव.”

पुरुष आहे का? हो. तरुण आहे का?

“तवा होता.”

गणवेश घालतो का?

“घालनार होता. घालाले भेटला नाई.”

असं बटण नव्हतं. मी ‘नाही’ दाबलं. पुढचा प्रश्न आला, तुरुंगात जातो का?

“जाते.”

मी ‘हो’ दाबलं. पुढचा प्रश्न मी आधी मनात वाचला आणि थांबलो.

“काय झालं? नेट गेलं काय?”

“नाही.” माझा आवाज मलाच चोरटा वाटला. “न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगतो का, विचारतो.”

“हो,” तो म्हणाला. “लय हुशार आहे बे हा.”

माझा अंगठा ‘हो’वर जाईना. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, पण त्याला माझं तोंड दिसत नव्हतं. मी ‘माहीत नाही’ दाबलं.

मग मला तीच सवय लागली. तो ‘हो’ म्हणायचा, मी ‘माहीत नाही’ दाबायचो. फोन भरकटला. पात्राला जादू येते का, विचारायला लागला. मग, पात्राला शेपूट आहे का?

तो हसला. “आता हा कुठी चालला? बराबर तं येऊन राह्यला होता.” हसणं थांबवून म्हणाला, “मास्तर, तू बराबर दाबून राह्यला ना?”

“हो.”

शेवटी फोनने सर्कशीतला एक विदूषक दाखवला. मी सांगितलं.

“नाई. हारला तो.”

“मग कोण आहे? कोणत्या सिनेमातला?”

“सिनेमा निघाचा आहे अजून.” त्याने काठीवर दोन्ही हात ठेवले. “दोन दोस्त आहेत त्याच्यात. एक आग विझवाले धावते. दुसरा नाल्यातून पळते. पयल्याले झाडातून त्याचा पांढरा सदरा दिसते. इथवर जमलं मले. पुढचं नाई सुचत. तू शिकलेला मानूस, तूच सांग शेवट काय कराचा.”

धुराचा वास छपरीत भरला होता. मला बोलायला एवढी मोकळी जागा कोणी कधी दिली नव्हती. मी म्हणालो, “मला सिनेमातलं काही कळत नाही.”

“बरं,” तो म्हणाला आणि उठून गेला.

नंतर चंद्रपूरला त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आला की सांगायचं, असं मी ठरवलं. आरशासमोर उभं राहून वाक्यंही म्हणून पाहिली. तो काळा चष्मा लावून आला. जरा दुबळा दिसत होता, पण खुशीत होता.

“फोन आन इकडं. आज तू धर, मी वाचतो.”

मी धरलं. त्याच्याच सिनेमातला, नाल्यातून पळणारा. आता तो विचारत जाईल आणि मी ‘हो’ म्हणत गेलो की सगळं आपोआप सांगून होईल, असं मला वाटलं. तो शाळेतल्या पोरासारखा अक्षर अक्षर लावून वाचत होता.

“गुन्हा करते का?”

“हो.”

“पकडल्या जाते का?”

“नाही.”

त्याने बटण दाबलं आणि फोन डोळ्यांजवळ नेला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, पण त्याला मी स्वच्छ दिसत होतो.

“त्याले पस्तावा होते का?”

हा प्रश्न खरंच फोनने विचारला होता का, मला ठाऊक नाही. फोन त्याच्या हातात होता. उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

त्याने अंगठ्याने बटण दाबलं, फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “मंग हा फोन कसा ओळखन.”

त्यानंतर तो येत राहिला. धान, नातू, गुडघे असं सगळं बोलायचा. फोन मात्र पुन्हा मागितला नाही. फोन खिशात घेऊन मी वाट बघायचो. मागितला तर सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं, जणू पहिल्यांदा बोलायची पाळी त्याचीच होती. थंडीत एका सकाळी तो अंथरुणातच गेला. तिरडीला खांदा देताना मोठ्याने बोललो असतो तर मागचे लोक थांबले असते, म्हणून तेव्हाही बोललो नाही. त्या वेळी ओठांत होतं ते इथे उतरवून ठेवतो:

गड्या, काडी मीच ओढली होती. पांढरा सदरा माझाच होता. तुले जीपमध्ये बसवलं तवा मी नाल्याच्या पल्याड उभा होतो, हाक मारली असती तं तुले आयकू आली असती. मारली नाई. मले माफ कर.