पाटीला पाट
काल लेक चक्रवाढ व्याजाचं गणित मोठ्यानं वाचायला लागली आणि मला एकदम शेळीचा वास आला. तेव्हा लग्न नवं होतं, कारेगावात एका खोलीत राहायचो. नवऱ्याच्या पहिल्या बोनसमधून मी हट्टानं तळेगावच्या बाजारात शेळी घेतली. "पगार कंपनीचा आन् गुंतवणूक शेळीत? लोकं हसत्याल," असं पुटपुटत तो जीपमध्ये तिला पायाशी धरून बसला. खुटबावला त्याच्या आत्याकडं आम्ही ती अर्धलीनं ठेवली. सांभाळणार आत्या, करडं निम्मी-निम्मी. दिवाळीत शेळी व्याल्याचं कळलं म्हणून गेलो, तर एक बोकड आणि एक पाट, म्हणजे मादी करडू. बोकडाला लवकर पैसे येतात, म्हणून नवऱ्याचा डोळा त्याच्यावर. माझा जीव त्या पाटीत, पण मागायचं कसं? आत्यांनी ते दुधाच्या उबट वासाचं करडू उचललं आणि सरळ माझ्या ओटीत घातलं. "बोकड येकदाच पैसा देतो पोरी. तुमचा संसार नवा हाय, पाट तुला ऱ्हाऊ दे." परतीच्या वाटेवर नवरा बोटांवर करडांची करडं मोजत होता. काल लेकीनं विचारलं, "आई, व्याजावर व्याज म्हंजी काय गं?" मी तोंड उघडायच्या आत तिचा बाप म्हणाला, "पाटीला पाट."