दोन बाटल्या, एकच विहीर

आमच्या थोरल्या दिरांनी आयुष्यात फक्त सूर्यावर विश्वास ठेवला, आणि तोही रोज पहाटे उठून खात्री करून घेतल्यावरच. पलटणीतून सुभेदार होऊन गावी आले, ते संशयाची ट्रंक घेऊनच. शिंप्याकडे कापड टाकलं, की कात्री खाली ठेवीपर्यंत दुकानातून हलायचे नाहीत. घड्याळ दुरुस्तीला द्यायचं, तर आधी झाकणाच्या आत सुईनं खूण करून ठेवायची. इस्लामपुरात हॉटेलात चहा आला, की मालकाला म्हणायचे, "आधी तुमी घ्या घोटभर." एकदा मालकानं अख्खा कप संपवला आणि मिशी पुसत सांगितलं, "चांगला हाय, सुभेदार." आम्ही पदराआड हसायचो. पण दुष्काळानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ती गोष्ट घडली, तेव्हा हसू आलं नाही.

माझी थोरली तेव्हा तीन महिन्यांची. मला दूध कमी, म्हणून म्हशीच्या दुधात मळ्यातल्या विहिरीचं पाणी घालून पाजायची. पोरीचे ओठ निळसर दिसायला लागले. पाणी उकळून पाजलं, तर आणखीच निळे. डॉक्टर म्हणाले, पाणी तपासून आणा, नाहीतर पोर हातची जाईल.

दिरांनी आरोपी आधीच धरला होता. साखर कारखान्याचं घाण पाणी ओढ्यात, ओढा आमच्या विहिरीजवळ. पण तपासायची जागा सांगलीला एकच. आरोग्य खात्याच्या बाटल्या तिथं, कॉलेजच्या तिथं आणि कारखान्याच्याही तिथंच. यंत्रं सगळ्यांत मिळून वापरायची. हे कळल्यावर दीर सासूबाईंना म्हणाले, "आई, चोर आन् फिर्यादी एकाच फळीवर? जमायचं न्हाई."

मग त्यांनी त्याच विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत भरलं. एकीवर आमच्या गावाचं नाव, दुसरीवर लांबच्या शिरवळचं. दोन्हींची तोंडं लाखेनं बंद केली, वर अंगठीचा ठसा. यष्टीत त्या मांडीवर धरून बसले. आमचे हे बरोबर होते, त्यांनीच हे सगळं सांगितलं. शेजारच्यानं विचारलं, "सुभेदार, तूप चाललंय का?" तर म्हणे, "पुरावा हाय."

प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "काका, घरी जा. मी कार्डानं कळवते."

"कार्ड लिवणार कोण?"

"मीच."

"म्हंजी तुमच्यावर इस्वास ठेवायचा?"

"ठेवावा लागेल."

"मग बसतो हितंच."

दोन दिवस स्टुलावर बसले. तिसऱ्या दिवशी बाईंनी सारख्याच आकड्यांचे दोन कागद पुढे ठेवून विचारलं, "काका, शिरवळची विहीर तुमच्याच मळ्यात आहे का हो?" दीर चक्क लाजले. ह्यांच्या कानात म्हणाले, "बाई खरी हाय रं. आता कारखाना सुटत न्हाई."

बाई म्हणाल्या, "यात कारखान्याचं काही नाही. हे खताचं आहे, नायट्रेट. मोठ्यांना कळत नाही, तान्ह्या पोराचं रक्त बिघडतं, अंग निळं पडतं. उकळलं की वाढतंच. उसाला खत किती घालता?"

 खतवाला भेसळ करतो, असा दिरांचा पक्का संशय; म्हणून सांगितल्याच्या दुप्पट घालायचे. आणि पोती कोणी चोरू नयेत म्हणून विहिरीच्या कडेलाच, खाटेवरून दिसतील अशी रचायचे.

रात्री ते घरी पोचले. दुसऱ्या दिवसापासून धनगरवाड्याच्या विहिरीचं पाणी आणायला लागले, कोस-दीड कोस, खांद्यावर घागर. गड्याला हात लावू दिला नाही. आठ-दहा दिवसांत पोर गुलाबी झाली, तरी घागर थांबली नाही; पोर भाकरी खायला लागेपर्यंत चाललीच.

आमच्या घरात थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. ते घागर उंबऱ्याबाहेर ठेवून खाकरायचे, मी पदर सारखा करून ती आत घ्यायची. दादा, तुम्हाला ठाऊक नव्हतं हो, एवढंच म्हणायचं होतं. पुष्कळदा ओठांवर आलं. घागर ठेवल्यावर ते लगेच जायचे नाहीत, भिंतीकडे बघत जरा थांबायचे. खांदा दुखत असेल, असं मला तेव्हा वाटायचं.